इवाईबुवांची पांढरी पडलेली गाडी

रेणूचा फोन आला तेव्हा तेजराम चहात पोळी बुडवून खात होता.

"बाबा, मामाजी आज संध्याकाळी गाडी पाहाले येऊन राहिले," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "गाडी बराबर हाय ना?"

"बराबर म्हंजे? एकदम फस्क्लास! एका किकमंधी चालू होते."

तेजराम खोटं बोलत नव्हता. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. त्याच्या मते गाडी खरोखरच फर्स्टक्लास होती.

मामाजी म्हणजे रेणूचे सासरे अच्युतराव. दुर्ग शहरातल्या पद्मनाभपुरात घर, पिढ्यान् पिढ्या दुर्गातच असलेलं मराठी घराणं, बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि शर्टाला इस्त्री नसेल तर माणूस कचरा टाकायलाही बाहेर पडत नाही अशी ख्याती. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते गुडघ्याचं ऑपरेशन करायला थोरल्या मुलाकडे बंगळुरूला गेले आणि तिकडेच रमले. जाताना आपली काळी मोटरसायकल तेजरामच्या अंगणात लावून गेले, कारण पद्मनाभपुरातल्या घराला फाटक नव्हतं आणि कॅम्प-वन वस्तीतल्या तेजरामच्या अंगणाला होतं. "तेजरामजी, ही तुमच्या स्वाधीन," असं म्हणून त्यांनी किल्ली हातात ठेवली होती. 'स्वाधीन' हा शब्द तेजरामच्या घरात त्याआधी कुणी वापरला नव्हता. तो शब्द त्यानं किल्लीसकट देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला म्हणा ना.

आता त्या गाडीवर भलताच भार येऊन पडला होता. रेणूला अहिवाऱ्याच्या एका शाळेत शिकवायची नोकरी मिळत होती. सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी परत. नवरा माणिक कधी या शिफ्टला तर कधी त्या. मग चार वर्षांच्या भूमिकाला दिवसभर कोण पाहणार? तेजराम आणि त्याची बायको मैनाबाई तयारच होते. तो रिटायर होऊन घरात बसलेला, आणि दिवसभर नुसत्या नवऱ्याचा आवाज ऐकून मैनाबाई कंटाळलेली. पण नात अच्युतरावांची, घरात शब्द अच्युतरावांचा, आणि अच्युतराव बंगळुरूहून फोनवर म्हणाले होते, "बघू. आधी त्यांनी माझी गाडी कशी सांभाळली आहे ते बघतो. मग मुलीचं बोलू."

रेणूनं हे माहेरी हसत हसत सांगितलं होतं. पण अच्युतराव थट्टेनं काही बोलत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता अच्युतराव थोड्या दिवसांसाठी दुर्गला आले होते, आणि नोकरीचं हो की नाही हे शाळेला उद्या कळवायचं होतं.

तेजरामनं चहा संपवला, अंगणात गेला आणि गाडीकडे पहिल्यांदाच इवाईच्या डोळ्यांनी पाहिलं. आमगावकडची ही माणसं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाईचा डोळा कसा असतो ते ज्यानं मुलगी दिली त्यालाच कळतं.

टाकी काळीभोर होती. आरसा समजून भांग पाडावा अशी. पण जिथे जिथे प्लास्टिक होतं, तिथे तिथे गाडी पांढरी पडली होती. पुढचं मडगार्ड, टाकीच्या दोन्ही अंगांचे पंख, सीटखालचे प्लास्टिकचेच पत्रे, मागची शेपटी, सगळं चुलीतल्या राखेसारखं. बोट फिरवलं तर बोटाला पांढुरकं लागलं.

"हे कधी झालं वो?" त्यानं विचारलं.

"मांगच्या उन्हाळ्यातच झालं," मैनाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "मी सांगतलं होतं. तुमी म्हटलं, पिलास्टिक हाय, त्याले काय होते."

इथे तेजरामबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तो निष्काळजी वाटेल, आणि तसं म्हटलेलं तो मैनाबाईशिवाय कुणाचंही ऐकून घेत नाही. बाप आमगावकडची शेती भावांना सोडून स्टील प्लांटात लागला, त्याच्या मागून तेजराम, मेंटेनन्सच्या गँगमध्ये. जन्मभर त्यानं लोखंड सांभाळलं. लोखंडाचा वैरी गंज, आणि गंजाची आई ओल. एवढ्या ज्ञानावर त्याची नोकरी निभली आणि घराच्या सगळ्या खिडक्या अजून शाबूत होत्या. मैनाबाईचा तवासुद्धा घासून झाला की उन्हात जायचा. इवाईची गाडी आली तशी त्यानं ती शेडमधून बाहेर काढली, कारण शेडमध्ये नळ गळायचा. अंगणात जिथे दिवसभर कडक ऊन, ती जागा तिला दिली. वर कापड नाही, कारण कापडाखाली घाम धरतो. पावसात ताडपत्री, पाऊस उघडला की ताडपत्री बाजूला. आणि दर रविवारी घासलेटात भिजवलेल्या चिंधीनं ती पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत पुसायची, गँगमध्ये मशीन पुसायचे तशी. साखळीला तेल, चाकात हवा, इंजिन चालू करून थोडा वेळ गुरगुरू द्यायचं.

लोखंडाला जे औषध, ते प्लास्टिकला विष निघालं. उन्हानं त्याचा काळेपणा खाल्ला आणि उरलंसुरलं तेल घासलेटनं ओढलं. दर रविवारी तोच माणूस तीच गाडी पाहत होता, पण त्याची नजर लोखंडावर असायची. गंजाचा एक ठिपका शोधून दाखवा. नव्हता.

आता संध्याकाळपर्यंत काय करायचं? मोठा साहेब राउंडवर येणार म्हटलं की गँगमध्ये काय करायचे, ते तेजरामला कुणी शिकवायला नको होतं. रंग मारायचे. तेजरामनं फाटकाला मारून उरलेला ब्लॅक जपान या काळ्या रंगाचा डबा काढला, काडीनं ढवळला आणि टाकीच्या डाव्या पंखावर ब्रश ओढला. पहिला हात इतका सुंदर काळा उमटला की त्याला शीळ वाजवावीशी वाटली. मग त्यानं मडगार्डही रंगवून टाकलं.

घटकाभरानं पाहतो तर पंखावरचा रंग सुरकुतलेला. आठवड्या आठवड्याचं घासलेट मुरलेलं ते प्लास्टिक. रंग त्याला धरेना. कुठे ओघळ, कुठे फोड, आणि सगळं मिळून काळ्या गुळासारखं चिकट.

मैनाबाईनं येऊन पाहिलं. "इवाईबुवा गाडी पाहाले येऊन राहिले का फाटक?"

तेजरामनं ब्रश पाठीमागे धरला. 

तेवढ्यात रेणू रिक्षातून उतरली. कडेवर भूमिका. रेणू फाटकातच थबकली. भूमिका मात्र कडेवरून घसरली, तडक गाडीपाशी गेली आणि म्हणाली, "नाना, गाडी को काजल लगाया?" कुणी हात धरायच्या आत तिनं पाची बोटं पंखावर ठेवली आणि मग तीच पाची बोटं पांढऱ्या फ्रॉकला पुसली.

"बाबा," रेणू म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, त्याहून वाईट होता, अगदी सपाट. "मी नोकरीले नाही म्हणून सांगून देऊ का?"

"थांब वो जरा. करून राहिलो ना मी."

"तुमी करून राहिले म्हणूनच त."

तिनंच मग समोरच्या नागसेनला हाक मारली. नागसेनचं गल्लीच्या तोंडाशी नंबर प्लेट आणि स्टिकरचं दुकान. कुणाच्या गाडीवर 'आई', कुणाच्या गाडीवर 'जय भीम', सगळं त्याच्या हातचं. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, गाडीले डांबर कावून फासलं?"

"हसू नको बे. इवाई येऊन राहिला."

"मंग हसत नाही," नागसेन म्हणाला, आणि हसला. पण मग खाली बसून त्यानं उजव्या, बिनरंगाच्या पंखावर नख ओढून पाहिलं. "पहा, ह्या प्लास्टिकचा काळा रंग वरून लावलेला नसते. आतपर्यंत असते. वरची साल फक्त मेली. गरम हवा देली का आतलं वर येते, मंग काळं दिसते. माह्याकडे हीट गन हाय, स्टिकर बसवाची. घेऊन जा."

"आन कायमचं राहते?"

"कायमचं काय राहते काका? वरून प्लास्टिकचं लोशन लावा, गाडी सावलीत ठेवा, मंग राहन काही दिवस. उन्हात ठेवसान त परत हेच." मग त्यानं हसणं थांबवलं. "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गन एका जागी थांबवाची नाही. फिरवत राहाची. थांबली का तिथं प्लास्टिक वितळते, चमकता डाग पडते, तो मंग देवबी काढू शकत नाही. आन ह्याले घासलेटचा वास येऊन राहिला. वास हाय तंवर गन लावाची नाही. भडकन."

"तूच करून दे ना बाबू."

"मी देलं असतं. पण लग्नाची बोलेरो उभी हाय दुकानात, नवरदेव तिथंच बसून हाय." आणि तो गन आणि लोशनची बाटली आणून देऊन निघून गेला.

तेजरामनं स्क्रू काढून एकेक भाग सुटा केला. शेपटीचा खटका निघताना 'टक' असा आवाज झाला, पण खटका शाबूत होता. ओला ब्लॅक जपान घासलेटनंच पुसून निघाला. म्हणजे जो वास घालवायचा, तोच आणखी लावावा लागला. मग मैनाबाईच्या भांड्याच्या साबणानं धुवायला बसले. तेजराम धुवायचा, रेणू पाणी ओतायची, मैनाबाई हुंगायची. सगळ्या घरात तिच्याच नाकाचा भरवसा होता.

"अजून येते."

परत साबण.

"थोडा येते."

"अवो, आता तुह्या नाकातच बसला असन तो!"

"मंग लावा गन," मैनाबाई म्हणाली. "मी लेकराले घेऊन शेजारी जाऊन बसतो."

परत साबण. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं होतं. शेवटी मैनाबाई काही न बोलता मडगार्ड खाली ठेवून उठली. म्हणजे पास.

भूमिकाला खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी घातली. तेजरामनं गाडी मधोमध उभी केली, टाकीच्या झाकणावर ओलं पोतं टाकलं, सुटे भाग लांब ओट्यावर नेऊन मांडले आणि मग गन चालू केली. केस वाळवायच्या ड्रायरसारखी दिसणारी ती वस्तू आतून लाल झाली आणि फणफणू लागली. आधी त्यानं मडगार्डाच्या आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूला हवा दिली. काही नाही. थोडी जवळ नेली. आणि राखेवरून कुणी ओलं फडकं फिरवावं तसा काळा पट्टा उमटला. खरा काळा. शोरूममधला.

रेणूच्या तोंडून "अगं बाई" निघालं. तेजराम गन फिरवत राहिला. आयुष्यभर त्यानं असल्या वस्तूंशी काम केलं होतं की ज्यांना ताप कितीही दिला तरी कमीच. लाल झालं की ठोकायचं. इथे उलटं होतं. जरा कमी तर पांढरं राहतं, जरा जास्त तर कायमचा डाग, आणि दोन्हींच्या मध्ये हाताची एक लहर. त्याचा खांदा दुखू लागला होता. मडगार्ड झालं. शेपटी झाली. डाव्या अंगाचा पंख झाला, पत्रा झाला. रेणू मागोमाग नागसेननं दिलेलं लोशन चोळत होती आणि भाग परत बसवत होती. आता उजवी बाजू. अजून बराच वेळ होता. अच्युतराव दुपारी जेवून झोपतात, चारला उठतात, मग चहा, मग इस्त्री. या एका गोष्टीवर तेजरामचा सगळा हिशेब उभा होता.

त्या दिवशी अच्युतराव झोपले नाहीत.

फाटक वाजलं तेव्हा तेजराम उजवा पंख ओट्यावर धरून गन फिरवत होता. वर पाहतो तर समोर इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, डोळ्यांवर बंगळुरूचा नवा चष्मा. इवाई दारात आला की बसल्या जागेवरून रामराम करायची रीत तेजरामच्या घरात नाही. उठायचं, दोन्ही हात जोडायचे, वाकायचं. हात डोक्याच्या आधी उठले. तेजराम उठला, दोन्ही हात जोडले, वाकला. गन त्या जोडलेल्या हातांतच होती, चालू, आणि तिचं तोंड खाली पंखाकडे.

"रामराम इवाईबुवा, बसा जी..."

"बाबा, गन!" रेणू ओरडली.

त्यानं झटक्यात हात मागे घेतला, पण जळका वास आला होता. पंखाच्या मधोमध अंगठ्याएवढा भाग काचेसारखा चकाकत होता आणि किंचित खचला होता.

तेजरामनं गन बंद केली. आतून भूमिका दार वाजवत होती.

अच्युतराव काठी टेकत गाडीजवळ आले. डावीकडून पाहिली. मग सावकाश फिरून उजवीकडून पाहिली, जिथे पंखाची आणि पत्र्याची जागा रिकामी होती आणि पत्रा अजून राखेच्या रंगाचाच ओट्यावर पडला होता. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही पांढरी कशानं पडली?"

"उन्हानं जी."

"उन्हात ठेवली होती?"

"हो जी. ओल लागू नये म्हणून."

"दोन वर्षं?"

"पाऊस सोडून," तेजराम म्हणाला. आपल्या बाजूचं काहीतरी सांगावं, म्हणून सांगितलं. रेणूनं डोळे मिटून घेतले.

"आणि पुसत कशानं होता?"

"घासलेटनं जी. दर रविवारी."

"दर रविवारी?"

"एकबी चुकला नाही जी."

"आमगावच्या लग्नाले गेलो, तवा शनवारीच पुसली," मैनाबाई दारातून म्हणाली. हे मदत म्हणून होतं की चुगली म्हणून, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

अच्युतराव वाकले. नव्या गुडघ्यानं जेवढं वाकता येतं तेवढे. चाकाच्या तारांवरून बोट फिरवलं, साखळी पाहिली, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला, जिथे पहिल्यांदा गंज धरतो, तिथे हात घातला आणि बोटं नाकासमोर धरली. मग म्हणाले, "चालू करा."

तेजरामनं किक मारली. एकच. इंजिन असं लागलं जसं काही सकाळीच कुणी दुर्गहून गाडी चालवत आणली असावी. अच्युतरावांनी थोडा वेळ ऐकलं, हातानं 'बंद' अशी खूण केली आणि मैनाबाईनं आणून ठेवलेल्या खुर्चीवर बसले. पाण्याचा पेला घेतला, पण प्यायले नाहीत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भूमिका दिवसा इथे राहील."

रेणूचा हात तोंडावर गेला.

"एका अटीवर. तिला काय खायला द्यायचं, केव्हा झोपवायचं, उन्हात किती खेळू द्यायचं, ते मी रोज फोनवर सांगेन. तुम्ही तेवढंच करायचं. स्वतःच्या डोक्यानं काही करायचं नाही."

तेजरामनं लगेच मान डोलावली. जन्मभर त्यानं फोरमनच्या हुकमावर काम केलं होतं. हुकूम मिळाला की त्याला उलट बरं वाटायचं. "हो जी," तो म्हणाला.

"नाही," मैनाबाई म्हणाली.

तेजरामनं वळून पाहिलं. रेणूनंही. मैनाबाई पदर खोचून ओट्यावरून खाली उतरली.

"इवाईबुवा, गाडी तुमची. सावलीत ठेवा म्हणून तुमी सांगतलं असतं, त ह्या माणसानं सावलीत ठेवली असती. गाडी काही बोलत नाही, त्याच्यानं ह्यायले समजलं नाही. चूक झाली, ते कबूल. पण पोर काही फटफटी नोहे. तिले भूक लागली त मांगते, दुखलं त रडते. तुमच्या फोनची वाट पाहून मी तिले जेवाले वाढणार नाही."

"आई!" रेणू पुटपुटली. उद्याचा होकार हातात आला होता आणि आईच तो परत देत होती.

"तू चूप राय. तुले मी कोणाले विचारून मोठी केली?"

अच्युतरावांनी काठीचं टोक फरशीवर हळूच आपटलं. एकदा, परत एकदा. त्यांच्याशी या आवाजात घरी कुणी बोलत नसावं, आणि बंगळुरूला तर नक्कीच नाही. तेजराम त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता पंखावरच्या त्या चकाकत्या डागाकडे पाहत राहिला.

"म्हणजे अट मान्य नाही."

"नाही जी."

"फोन तरी उचलाल ना?"

"उचलन ना. पोरीशी बोला, किती बोलाचं ते. स्वयंपाक मले माह्या मनानं करू देजा."

अच्युतराव पाणी प्यायले. पूर्ण पेला. मग रेणूकडे न पाहता म्हणाले, "सूनबाई, शाळेला कळवून टाका. मुलगी विहीणबाईंच्या जबाबदारीवर राहील." आणि काठी तेजरामकडे रोखून, "यांच्या नाही."

"ह्यायच्याजवळ त मीच देत नाही," मैनाबाई म्हणाली आणि दाराची कडी काढायला गेली.

रेणू फोन घेऊन फाटकापाशी पळाली. भूमिका बाहेर आली, आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या चष्म्याला हात घालू लागली. अच्युतरावांनी एका हातानं चष्मा सांभाळला, दुसऱ्यानं नात, आणि खुर्ची गाडीच्या उजव्या अंगाला सरकवून घेतली.

"अर्धी राहिली आहे," ते म्हणाले. "करा पूर्ण. मी बसलो आहे."

तेजरामनं सुटा पत्रा उचलला, हुंगून पाहिला, ओट्यावर मांडला आणि गन हातात घेतली. मागून इवाईची नजर त्याच्या मानेवर टेकलेली त्याला कळत होती. दिवसभरात जेवढा घाम आला नव्हता तेवढा आता आला.

"फार जवळ नेताय," अच्युतराव म्हणाले.

तेजरामनं अजून बटणही दाबलं नव्हतं.